थोड्या चकत्यांचा डाव

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत पिंपळगांव रेणुकाई नांवाचें एक गांव आहे. मराठवाड्यांतील लोकांस तें मिरचीच्या बाजारामुळें ठाऊक आहे. हंगामांत आसपासच्या खेड्यांतून हिरव्या मिरचीच्या गोण्या तेथें येतात, व्यापारी येतात, आणि भाव ठरतो. ह्या व्यवहारांत एक गोष्ट कोणीं न सांगतांही दिसते. एका बाजूस हातांत पुष्कळ पैसा असलेला घेणारा असतो. त्याला आज माल मिळाला नाहीं तर उद्यां मिळेल. दुसऱ्या बाजूस चार गोण्यांचा धनी असतो. त्याची मिरची तोडलेली आहे, ती उद्यां अशीच तजेलदार राहणार नाहीं, आणि गाडीभाडें तर द्यावेंच लागणार आहे. दोघेही शहाणे, दोघांनाही बाजार ठाऊक. परंतु एकाला वाट पाहतां येते आणि दुसऱ्याला ती पाहतां येत नाहीं.

थोडें जवळ असलेल्यानें पुष्कळ जवळ असलेल्यासमोर कसें वागावें, हा प्रश्न फार जुना आहे. नीतिकारांनीं त्याचें उत्तर दिलें आहे, सेनापतींनीं दिलें आहे, आणि सावकारांनींही आपल्या परीनें दिलेलें आहे. परंतु तें उत्तर त्रैराशिकासारखें आंकड्यांत मांडून दाखविण्याचा मान एका पत्त्यांच्या खेळाकडे जातो. तो खेळ म्हणजे पोकर. आणि त्यांतही त्याचा अखेरचा प्रसंग. स्पर्धेंतील इतर सारे गडी बाद होऊन दोघेच उरले आहेत. त्यांपैकीं एकापाशीं चकत्यांचा डोंगर आहे आणि दुसऱ्यापाशीं मूठभर चकत्या. ह्या मूठभर चकत्यांच्या धन्यानें काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

महाराष्ट्राला पत्ते नवे नाहींत. सावंतवाडीची गोल पानांची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेंत एकशेंवीस पानें असतात. दिवाळीच्या रात्रीं तीन पत्तीचा फड कोठें बसतो हें गांवांतील प्रत्येक पोरास ठाऊक असतें. फक्त वडीलधाऱ्यांस तें ठाऊक नाहीं असें मानण्याची रीत आहे. पैसे लावून खेळणें १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें निषिद्ध ठरविलें. गोव्यांत मात्र १९७६ च्या कायद्यांत पुढें १९९२ पासून ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांमुळें कॅसिनोंना वाट मिळाली, आणि मांडवी नदींत नांगरलेल्या जहाजांवर पोकरचे फड बसूं लागले. हा खेळ दैवाचा कीं कौशल्याचा, ह्याविषयीं न्यायालयांचेंही एकमत झालेलें नाहीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं त्याची गणना दैवाच्या खेळांत केली, तर अन्यत्र त्याला कौशल्याचा मान मिळाला. पुढें संसदेनें २०२५ सालीं कायदा करून पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना, मग ते दैवाचे असोत वा कौशल्याचे, सरसकट मनाई केली. तेव्हां पुढील विवेचन कोणास फडावर नेऊन बसविण्यासाठीं नाहीं. चिंचोके मांडूनही तें सारें पडताळून पाहतां येईल, आणि चिंचोक्यांनीं पडताळलेलें गणित रुपयांनीं पडताळलेल्यापेक्षां कमी खरें नसतें.

प्रथम खेळाची ओळख. पानें बावन्नच. प्रत्येक खेळाडूस दोन पानें पालथीं मिळतात. तीं त्याचीं त्यालाच दिसतात. मग मध्यभागीं पांच पानें सर्वांसाठीं उघडीं मांडलीं जातात. आधीं तीन, मग एक, मग आणखी एक. आपलीं दोन व मधलीं पांच अशा सातांतून ज्याचीं पांच पानें भारी ठरतील त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर चकत्या पुढें करतां येतात. समोरच्यानें तितक्याच घालून बोली स्वीकारावी, वाढवावी, किंवा पानें टाकून डाव सोडावा. सगळ्यांनीं सोडला तर शेवटीं उरलेल्यास पानें न दाखवितांच मधला ढीग मिळतो. पोकरचें सारें मर्म ह्या शेवटच्या वाक्यांत आहे. तें पुढें कामास येईल.

स्पर्धेंत चकत्यांची किंमत पैशांत मोजीत नाहींत. सर्वांस सारख्या चकत्या मिळतात. ज्याच्या संपल्या तो उठला, आणि उठण्याच्या क्रमानें बक्षिसें. परंतु सारेच एक्क्याची वाट पाहत बसले तर स्पर्धा कधींच संपणार नाहीं. म्हणून प्रत्येक डावाच्या आरंभीं दोन खेळाडूंना पानें पाहण्यापूर्वींच कांहीं चकत्या मध्यें टाकाव्या लागतात. एकाला लहान सक्ती, दुसऱ्याला तिच्या दुप्पट. पानें न पाहतां टाकावयाची म्हणून तिला ब्लाइंड म्हणतात. तीन पत्ती खेळणाऱ्यांस हा शब्द चांगला परिचयाचा आहे, मात्र तेथें न पाहतां खेळणें ही खुषीची गोष्ट असते. येथें ती पट्टी आहे. ही पट्टी ठराविक मिनिटांनीं वाढत जाते. दोघेच उरले म्हणजे ती दर डावाला दोघांवरही येते, कधीं लहान कधीं मोठी. पानें वाटणाऱ्याकडे लहान सक्ती असते व मधलीं पानें उघडण्यापूर्वीं बोलण्याचा पहिला मान त्याचा असतो.

आतां एक प्रसंग घ्यावा. एकूण चकत्या दहा हजार. मोठ्या खेळाडूपाशीं चौऱ्याऐंशींशें, लहानापाशीं सोळाशें. लहान सक्ती शंभरांची, मोठी दोनशेंची. नवशिका येथें आपल्या चकत्या मोजतो आणि त्याला वाटतें, ‘अजून सोळाशें आहेत.’ जाणता सोळाशें मोजीत नाहीं. तो मोठ्या सक्तीनें भागतो आणि ‘आठ’ म्हणतो. हा भागाकार हेंच ह्या विद्येचें पहिलें सूत्र. सक्ती वीसांची असतांना हेच सोळाशें म्हणजे ऐशीं होते, आणि तेव्हां त्यांचा मालक निवांत होता. चकत्या त्याच, ढीग तोच. घड्याळानें त्यांना लहान केलें. दर दोन डावांस तीनशें जातात, म्हणजे सरासरीनें डावास दीडशें. नुसता पानें टाकीत बसला तर दहा-अकरा डावांत तो कांहीं न करतां संपेल.

दुसरी गोष्ट समोरच्याच्या डोंगराविषयीं. तो पाहून भय वाटतें, परंतु ह्या एका डावापुरता तो डोंगर नाहींच. जितक्या लहानापाशीं आहेत तितक्याच मोठ्याच्या पणाला लागूं शकतात. उरलेल्या अडुसष्टशें त्या डावांत प्रेक्षकांसारख्या उभ्या असतात. म्हणजे लढाई सोळाशें विरुद्ध सोळाशें अशीच आहे. फरक इतकाच कीं, हरल्यावर एकजण उठतो आणि दुसरा पुढचें पान वाटतो.

ह्या दोन गोष्टी लक्षांत आल्या म्हणजे तिसरी आपोआप येते. आठ सक्तींच्या ढिगांत लहान लहान चाली करण्यास जागा नाहीं. पानें हातीं आलीं कीं दोनच विचार: सारें पुढें लोटावें, किंवा टाकून द्यावें. दहा सक्तींच्या खालीं हा नियम जवळजवळ निरपवाद समजला जातो. पुष्कळांना हा आततायीपणा वाटतो. थोडें उरलें आहे तर तें जपून वापरावें, अर्धें लावून पाहावें, अंग सांभाळून असावें, असें घरचें शहाणपण सांगतें. घरच्या संसारांत तें खरेंही आहे. येथें तें कां खोटें ठरतें, हें आंकड्यांत पाहावें.

लहान खेळाडूनें पानें वाटलीं आहेत व शंभराची सक्ती भरली आहे. त्यानें पानें टाकलीं तर त्याच्यापाशीं पंधराशें उरतात, हें निश्चित. त्यानें सारें लोटलें तर काय? समजा, मोठा खेळाडू शंभरांत चाळीस वेळां तें स्वीकारतो व साठ वेळां पानें टाकतो. समजा, स्वीकारल्यावर लहान खेळाडू शंभरांत अडतीस वेळांच जिंकतो. कारण स्वीकारणाऱ्याचीं पानें अर्थात् बरीं असणार. साठ वेळां त्याच्यापाशीं अठराशें होतील. चाळिसांपैकीं सुमारें पंधरा वेळां बत्तीसशें होतील. उरलेल्या पंचवीस वेळां तो उठून जाईल. ह्या सर्वांची सरासरी काढली तर ती पंधराशें सहासष्टच्या आसपास येते. पंधराशेंपेक्षां ती अधिक आहे. म्हणजे प्रत्यक्ष लढाईंत तो हरण्याचाच अधिक संभव असतांनाही लढाईस उभें राहणें फायद्याचें ठरलें. ही किमया कोठून आली? त्या साठ वेळांतून. लोटणाऱ्यास जिंकण्याच्या दोन वाटा असतात, समोरचा भितो ही एक आणि पानें भारी निघतात ही दुसरी. स्वीकारणाऱ्यास एकच वाट असते. म्हणूनच ज्या पानांवर सारें लोटावें, त्याच पानांवर दुसऱ्याचें लोटणें स्वीकारूं नये, असें वरकरणीं विसंगत दिसणारें वचन खेळाडूंत रूढ आहे.

अर्धवट चालीचें काय होतें तेंही पाहण्याजोगें आहे. सावध गृहस्थ सोळाशेंपैकीं सहाशें पुढें करतो व हजार मागें ठेवतो. वाटतें कीं, प्रसंग आलाच तर ते वांचतील. मोठा खेळाडू लगेच सारें मागतो. आतां मध्यें बावीसशें जमले आहेत आणि स्वीकारण्यास हजार हवेत. शंभरांत सव्वाएकतीस वेळां जिंकण्याची आशा असली तरी स्वीकारणें भाग. तेवढी आशा बहुतेक पानांना असते. म्हणजे वांचविलेले हजार वांचत तर नाहींतच. उलट समोरच्यास घाबरविण्याची जी एकच शक्ति लहानापाशीं होती ती त्यानें आपल्या हातानें दुसऱ्यास देऊन टाकली.

येथें पानांच्या बळाविषयीं एक समज दूर केला पाहिजे. दोघांच्या सामन्यांत वाईट पानें वाटतात तितकीं वाईट नसतात. कोणत्याही पानांसमोर दोन एक्के शंभरांत सुमारें पंच्याऐंशीं वेळां जिंकतात, हें खरें. परंतु सर्वांत दरिद्री समजली जाणारी दुर्री-तिर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, कोणत्याही पानांसमोर शंभरांत बत्तीस वेळां जिंकून जाते. गुलाम-अठ्ठी हातांत आहे आणि समोर एक्का-राजा निघाला, तरी शंभरांत पस्तिसांहून अधिक वेळां गुलाम-अठ्ठीचाच जय होतो. आणि चांगलीं पानें येतात तरी किती वेळां? दोन पानांत निदान एक एक्का असण्याचा योग सुमारें सात डावांत एकदां येतो. जोडी सतरा डावांत एकदां. एक्का किंवा जोडी आल्याशिवाय हलणार नाहीं असें ठरविणारा सरासरीनें पांचव्या डावास हलेल, आणि तोंपर्यंत सोळाशेंचे हजार झालेले असतील. मग तो डाव जिंकून दुप्पट केले तरी दोन हजार. शिवाय समोरचा आंधळा नसतो. चार वेळां टाकून पांचव्यानें लोटलें कीं तो ओळखतो व पानें टाकून देतो. वाट पाहणाऱ्याच्या पदरांत अशा रीतीनें एक्का येऊनही कांहीं पडत नाहीं.

मोठ्या खेळाडूचें कर्तव्य ह्याच गणिताची दुसरी बाजू आहे. सोळाशें लोटले गेले म्हणजे त्याला आणखी चौदाशें घालून मधले अठराशें मिळवावयाचे असतात. शंभरांत चव्वेचाळीस वेळां जिंकण्याचा अंदाज असला कीं त्यानें स्वीकारावें. दहा सक्तींच्या ढिगासाठीं गणित्यांनीं दोन्ही बाजूंचे तक्ते बांधले आहेत. त्यांत लोटणारा निम्म्याहून बऱ्याच अधिक पानांवर लोटतो, त्यांत प्रत्येक एक्का, प्रत्येक राजा, प्रत्येक जोडी आलीच. आणि स्वीकारणारा एकतृतीयांशाहून थोड्या अधिक पानांवर स्वीकारतो. प्रत्यक्षांत मोठा खेळाडू पुष्कळदां ह्याहून कमी स्वीकारतो, कारण त्याला वाटतें, ‘कशाला धोका घ्यावा? तो आपोआप मरणारच आहे.’ लहानाचा संसार मोठ्याच्या ह्या आळसावर चालतो.

ह्या गणिताचा वंश मोठा आहे. १६५४ सालीं पास्कल व फर्मा ह्या दोन फ्रेंच पंडितांनीं अर्धवट राहिलेल्या खेळांतील पणाची वांटणी कशी करावी ह्यावर पत्रव्यवहार केला. १६५७ सालीं हॉलंडच्या हायगेन्सानें द्यूताच्या गणितावर पुस्तिका लिहिली, आणि तींत दोघांपैकीं एकाचें सर्वस्व जाईपर्यंत खेळल्यास काय होईल हा प्रश्न घातला. त्याचें उत्तर असें कीं, खेळ समतोल असेल तर ज्याचा चकत्यांत जितका वांटा तितकी त्याची अखेर जिंकण्याची आशा. वरील लहान खेळाडूची आशा म्हणजे शंभरांत सोळा. त्याहून कमीही नाहीं आणि अधिकही नाहीं. १९६५ सालीं ड्युबिन्स व सॅव्हेज ह्या अमेरिकन गणित्यांनीं पुढची पायरी दाखविली: खेळ जर आपल्या विरुद्ध झुकलेला असेल तर भित्रेपणानें थोडें थोडें लावणें हा नाशाचा मार्ग आहे, आणि धीटपणानें मोठें लावणें हाच त्यांतल्या त्यांत बरा. म्हणून समोरचा आपल्याहून चतुर असेल तर लहानानें घाई करावी. आपणच चतुर असूं तर थोडा धीर धरावा. फॉन नॉयमन ह्यानें १९२८ सालीं व नॅश ह्यानें १९५० सालीं जे सिद्धांत मांडले त्यांवर आजचे तक्ते उभे आहेत. दोघांनींही उदाहरणादाखल पोकरच घेतला होता. २०१७ च्या जानेवारींत तर अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत तयार झालेल्या लिब्राटस नांवाच्या संगणक-योजनेनें चार धंदेवाईक खेळाडूंना, एकाशीं एक अशा सामन्यांत, एक लक्ष वीस हजार डाव खेळून हरविलें. मात्र तेथें प्रत्येक डावास ढीग पुन्हां भरून देत; मूठभर चकत्यांची आणीबाणी त्या यंत्रावर आली नाहीं.

ही आणीबाणी ज्याला रक्तामांसांत पाहावयाची असेल त्यानें पिंपळगांवाच्या त्याच परिसरांत राहावें. कारण असई हें गांव जालना जिल्ह्यांतच आहे. १८०३ सालच्या सप्टेंबरच्या २३ तारखेस, केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांत, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या एकत्र फौजेशीं आर्थर वेलस्लीची गांठ पडली. वेलस्लीपाशीं कवायती सैन्य सुमारें साडेचार हजार, आणि म्हैसूरकरांचे व पेशव्यांचे मिळून पांचएक हजार स्वार. समोर कवायती पायदळच दहा हजारांवर, शंभराच्या आसपास तोफा, आणि तीस-चाळीस हजार घोडदळ. स्टीव्हन्सनची दुसरी इंग्रज तुकडी एका दिवसाच्या अंतरावर होती, आणि दोघांनीं मिळून २४ तारखेस हल्ला करावयाचें ठरलेलें होतें.

वाट पाहावी तर शत्रूला त्याची चाहूल लागून तो निघून जाण्याचें भय. मागें फिरावें तर एवढें घोडदळ पाठीवर येऊन सामानसुमानाची धूळधाण उडवील. म्हणजे टाकण्याजोगें पान त्याच्या हातांत राहिलेलेंच नव्हतें. त्यानें त्याच दुपारीं सारें लोटलें. परंतु कोठें लोटलें हें महत्त्वाचें. समोरून नदी ओलांडणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. वाटाड्यांनीं सांगितलें कीं दुसरा उतार नाहीं. वेलस्लीला खालच्या अंगास नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं, आणि त्यानें तर्क केला कीं, दोन गांवें इतकीं जवळ वसलीं आहेत तर त्यांच्यामध्यें येण्याजाण्याचा उतार असलाच पाहिजे. उतार निघाला. इंग्रजी वृत्तांतांत त्या गांवांचीं नांवें पिंपळगांव व वरूड ह्यांच्या जवळचीं दिलेलीं आहेत. पिंपळाच्या नांवाचीं गांवें ह्या मुलखांत पुष्कळ. त्या उतारानें तो दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टींत शिरला. ह्या पट्टींत एका वेळीं जेवढे लोक लढूं शकत तेवढेच त्याच्यासमोर येऊं शकले. मराठ्यांचें अफाट घोडदळ बहुतांशीं स्वस्थच राहिलें. तें त्या अडुसष्टशें चकत्यांसारखें होतें.

मराठ्यांचें पायदळ मात्र स्वस्थ नव्हतें. पोलमन नांवाच्या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखालीं त्यानें आपली फळी शिस्तीनें फिरवून शत्रूसमोर आणली, आणि तोफांनीं इंग्रजांची अशी कत्तल केली कीं सायंकाळपर्यंत वेलस्लीचे पंधराशेंहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. म्हणजे कवायती सैन्यांतील तिघांमागें एक. दौलतराव व रघूजी हे दोघेही निकाल लागण्यापूर्वींच रणांगणांतून निघून गेले होते. जय इंग्रजांचा झाला, तोफा त्यांच्या हातीं पडल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथें तह होऊन शिंदे-भोसल्यांनीं मोठा मुलूख गमावला. ह्या गोष्टीचा विचार करतांना मराठी मनास जें दुःख होतें तें पराभवाचें तितकें नाहीं. मोठा ढीग आपल्याकडे होता, पानेंही हलकीं नव्हतीं, आणि बोली स्वीकारणारे धनीच बैठकीवरून उठले होते, ह्याचें तें आहे.

ह्याच्या उलट उदाहरणही मराठ्यांच्याच इतिहासांत आहे, आणि तें वगळलें तर विषयास न्याय होणार नाहीं. शिवाजी महाराजांपाशीं आरंभीं थोड्याच चकत्या होत्या. परंतु त्यांनीं त्या उघड्या मैदानांत एकदम लोटल्या नाहींत. पुण्यांत लाल महालावर १६६३ च्या एप्रिलांत शाएस्तेखानावर पडलेला छापा घ्यावा: मोजकीं माणसें, एक रात्र, आणि पहांट होण्यापूर्वीं परत. तेथें वाट पाहणें शक्य होतें, कारण मागें सह्याद्रि उभा होता आणि सह्याद्रीची सक्ती दर डावास भरावी लागत नव्हती. भरावी लागत होती ती मोगलांच्या मोठ्या छावणीस, दाणागोट्याच्या रूपानें. गनिमी काव्याचें सारें सार हेंच कीं, पट्टी शत्रूनें भरावी. पोकरच्या बैठकीस सह्याद्रि नसतो. म्हणून ज्यांना ह्या खेळांत गनिमी कावा खेळावासा वाटतो ते दबा धरून बसतात, आणि बसल्या जागीं त्यांचा ढीग संपतो.

मिरचीच्या धन्याची गोष्ट आणखी निराळी. त्याची पट्टी घड्याळासारखीच चढत असते, हें खरें. परंतु त्यानें सारें लोटून व्यापाऱ्यास भिवविण्याजोगें कांहीं त्याच्या हातीं नसतें, आणि तो हरला तर नवी स्पर्धा लगेच सुरू होत नाहीं. त्याच्यापुढें सह्याद्रि उभा करणें, म्हणजे माल टिकविण्याची सोय किंवा चार शेजाऱ्यांनीं मिळून गाडी करणें, हेंच उपयोगाचें. सर्वस्व लोटण्याचा उपदेश त्याला कोणीं करूं नये. पत्त्यांत दोघेच उरलेले असतात, दुसऱ्या क्रमांकाचें बक्षीस पदरांत पडलेलें असतें, आणि गमावण्याजोगें फक्त पहिल्या व दुसऱ्यांतील अंतर असतें. हें धैर्य त्या कुंपणाच्या आंतलें आहे. तिघे उरले असते तरी हिशेब बदलला असता. कारण इतर दोघे झुंजून एक मेला तर तिसऱ्याचा क्रमांक बसल्या बसल्या वर चढतो, आणि तेथें थांबण्याला कांहीं किंमत येते.

अमेरिकेंत एक गोष्ट फार सांगितली जाते. १९८२ सालीं लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेंत जॅक स्ट्रॉस ह्या खेळाडूपाशीं एका वेळीं एकच चकती उरली होती, आणि तेथून चढत जाऊन तो त्या वर्षाचा विजेता झाला. तो जिंकला हें इतिहासाचें आहे; चकती कोठें सांपडली ह्याच्या कथा निरनिराळ्या आहेत. ‘एक चकती आणि एक खुर्ची’ एवढें असलें कीं पुरे, अशी म्हणच त्यावरून पडली. म्हण गोड आहे. तथापि एक चकती उरून उठून गेलेल्या शेंकडों खेळाडूंची म्हण कोणीं केली नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. शंभरांत सोळा म्हणजे चौऱ्याऐंशीं वेळां दुसरा जिंकतो. तक्ते तोंडपाठ असले तरी त्यांत फारसा फरक पडत नाहीं.

पुन्हां त्या सोळाशेंकडे वळावें. लहान खेळाडूनें पानें उचललीं. गुलाम आणि अठ्ठी. तक्ता म्हणतो, लोटावें. त्यानें दोन्ही हातांनीं ढीग पुढें सारला व नजर मेजावर ठेवली. मोठ्यानें आपलीं पानें पुन्हां एकदां पाहिलीं, थोडा वेळ चकत्या बोटांत खेळविल्या, आणि स्वीकारलें: एक्का-राजा. मधलीं पांच पानें उघडलीं. चवथें अठ्ठी निघालें, आणि एक्का किंवा राजा आलाच नाहीं. सोळाशेंचे बत्तीसशें झाले. आतां भागाकार सोळा येतो, आणि सोळा सक्तींवर सारें लोटण्याचा नियम पूर्वीसारखा कडक राहत नाहीं. दुप्पट-अडीचपटीची लहान बोली करून मागें फिरण्यास जागा होते, मधलीं पानें पाहण्यास सवड मिळते, समोरच्याची मुद्रा वाचण्यास अर्थ येतो. लहान खेळाडू खुर्चींत थोडा मागें टेकून बसतो. इतक्यांत घड्याळ वाजतें. सक्ती दीडशें आणि तीनशें होते, आणि त्या बत्तीसशेंचा भागाकार पुन्हां साडेदहांच्या जवळ येतो.